जागा बरोबर आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही

प्रिय सिस्टर,

माझं वय ३१. सव्वा वर्षापूर्वी माझी एक्टोपिक प्रेग्नन्सी झाली होती, म्हणजे गर्भ पिशवीत न रुजता ट्यूबमध्ये (गर्भनलिकेत) रुजला होता. उजव्या बाजूला दुखायला लागलं तेव्हा जिथे दाखवलं तिथे 'गॅसेस आहेत' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. त्याच रात्री ऑपरेशन झालं. ट्यूब फुटली होती, काढून टाकावी लागली.

आता पुन्हा दिवस राहिलेत, कसलेही उपचार न घेता. अकरावा आठवडा चालू आहे. सातव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे, ठोके चांगले आहेत असं सांगितलं. नवव्या आठवड्यातही सगळं ठीक होतं. तरी उजव्या बाजूला अधूनमधून दुखतं, अगदी त्याच जागी. कधी टोचल्यासारखं, कधी ओढल्यासारखं. बाथरूमला गेले की आधी डाग आहे का ते बघते. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी होतं. रात्री पोट दाबून बघते.

नवरा म्हणतो, "डॉक्टर सांगतायत ना नॉर्मल आहे, मग कशाला?" सासूबाई म्हणतात, काळजी केलीस तर बाळावर परिणाम होईल. त्यामुळे आता काळजी वाटते याचीच काळजी वाटते. आनंद तर होतच नाही. मी या बाळाची आई व्हायच्या लायकीची नाही का?

— उजवी बाजू

---

अगं उजवी बाजू,

सही वाचली आणि कळलं की गेले काही आठवडे तू अख्खी नाहीसच, ओटीपोटाचा तळहाताएवढा तुकडा होऊन बसली आहेस. मी डॉक्टर नाही. प्रसूती विभागात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली, तेवढ्या शिदोरीवर हे लिहिते. तपासायचं काम तुझ्या डॉक्टरांचं.

तुझ्या पत्रातला सगळ्यात जड शब्द मला 'गॅसेस' वाटला. मागच्या वेळी दुखलं, तू सांगितलंस, आणि 'काही नाही' असं उत्तर मिळालं. ते उत्तर चुकलं होतं आणि ते निस्तरावं लागलं तुला. आता कोणीही 'सगळं नॉर्मल आहे' म्हटलं की तुझ्या कानाला ते 'गॅसेस आहेत'सारखंच ऐकू येणार. यात तुझं मन कमकुवत आहे वगैरे काही नाही. नवऱ्याला वाटतं डॉक्टरांचा शब्द म्हणजे औषध. तुला ते औषध एकदा बाधलंय, हे त्याच्या लक्षात येत नाहीये.

म्हणून 'दुखण्याकडे लक्षच देऊ नकोस' असं मी सांगणार नाही. दे लक्ष. पण दुखलं की घाबरायचंच, ही जी गाठ पडली आहे ती जरा सैल करून बघू.

आधी जागेचं बोलू. एकदा एक्टोपिक झाली की पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहा टक्के धरतात. हा आकडा तुला पाठ असणार, रात्री दोन वाजता फोनवर सापडणारा पहिला आकडा तोच. म्हणूनच अशा बाईला पुढच्या वेळी लवकर सोनोग्राफीला बोलावतात, सहा-सात आठवड्यांच्या आसपास, कारण तेव्हा गर्भ कुठे रुजलाय ते दिसतं. तुझी ती सोनोग्राफी झाली. पिशवीच्या आत गर्भ, त्याला ठोके. तो दहा टक्क्यांचा आकडा सोनोग्राफी होईपर्यंतचा होता गं, तुझ्यापुरता तो त्या दिवशी निकालात निघाला. गर्भ पिशवीत रुजला की नंतर उठून ट्यूबमध्ये जात नाही. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण मला ते बायकांनी विचारलेलं आहे, चांगल्या शिकलेल्या बायकांनी, डोळ्याला डोळा न देता.

आणि हो, 'एक आत आणि एक बाहेर' असंही तू वाचलं असशील. असतं तसं. पण उपचारांशिवाय राहिलेल्या गर्भात ते साधारण तीस हजारांत एक इतकं विरळ. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांत प्रमाण बरंच वाढतं, तुझं तसं नाही. शिवाय तुझी दुसरी सोनोग्राफीही ठीक आली आहे.

मग त्याच जागी दुखतं ते काय?

ट्यूब काढली, पण त्या बाजूचं अंडाशय बहुतेक वेळा जागेवरच ठेवतात. दर महिन्याला कुठल्या तरी एका अंडाशयातून बीज सुटतं आणि जिथून सुटलं तिथे एक पिवळसर गाठ तयार होते. कॉर्पस ल्युटियम म्हणतात तिला. वार तयार होऊन कामाला लागेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा आठवडे, गर्भाला लागणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक हीच गाठ पुरवते. कधीकधी तिच्यात पाणी भरतं, ती फुगते आणि त्या एका बाजूला ठणका लागतो. तुझा सोनोग्राफीचा कागद काढ आणि त्यात उजव्या अंडाशयाबद्दल काय लिहिलंय ते बघ. तिथे या गाठीचा उल्लेख असेल तर तुझं निम्मं उत्तर तिथेच आहे. आता म्हणशील, उजवीकडची ट्यूबच नाही तर उजवीकडचं बीज पिशवीत गेलं कसं? तर डावी ट्यूब पलीकडच्या बाजूचं बीजही उचलू शकते. पहिल्यांदा मला हे एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी वेड्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिले होते.

दुसरं कारण, जुनं ऑपरेशन. आत रक्तस्राव झालेला, शस्त्रक्रिया झालेली, अशा जागी कधीकधी अवयव एकमेकांना चिकटून राहतात. पिशवी वाढायला लागली की त्या जागा ताणल्या जातात. तुझं 'ओढल्यासारखं' यातलं असू शकतं. पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोरखंडासारखे बंध असतात, तेही ताणतात. बाराव्या आठवड्यानंतर पिशवी ओटीपोटाच्या वर यायला लागते, तेव्हा हे जास्त जाणवेल. शिंकलीस, कुशीवर वळलीस, खुर्चीतून पटकन उठलीस की जांघेत चमक येईल आणि जाईल. ते होणार आहे हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे अठराव्या आठवड्यात रात्री कूस बदलताना चमकलं तर हे पत्र आठवेल.

तिसरं कारण लिहिलं की तू पान बंद करशील, तरी लिहिते. गॅसेस. खरंच गं. प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, पोट साफ होत नाही, वायू धरतो आणि मोठ्या आतड्याची सुरुवात नेमकी उजवीकडे खालीच असते. मागच्या वेळी हा शब्द खोटा होता म्हणून या वेळीही खोटाच असेल असं नाही. फरक एवढाच की मागच्या वेळी तो न तपासता वापरला.

आता लक्ष कसं द्यायचं ते. दुखायला लागलं की पहिला प्रश्न तू स्वतःला विचारतेस, 'हे मागच्यासारखं आहे का?' तो प्रश्न सोडून दे. भ्यालेल्या माणसाला सगळंच मागच्यासारखं वाटतं. त्याऐवजी घड्याळ बघ. किती वेळ राहिलं? कूस बदलल्यावर, चालल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर फरक पडला का? वाढत चाललंय की येऊन जाऊन आहे? वहीत एका ओळीत लिही. 'मंगळवार, दुपारी ४, दहा मिनिटं, पडल्यावर थांबलं.' पुढच्या तपासणीला 'अधूनमधून दुखतं'पेक्षा ही ओळ डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची आणि असं सांगणाऱ्या पेशंटला गॅसच्या गोळ्या देऊन वाटेला लावणं अवघड जातं. हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे.

आणि काही वेळा वही बिही बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. एका बाजूची तीव्र कळ आली आणि थांबेचना. दुखण्याबरोबर घेरी आली, अंधारी आली, दरदरून घाम सुटला. अंगावरून पाळीसारखं किंवा जास्त जायला लागलं, गाठी पडल्या. अचानक एका बाजूला जीवघेणं दुखून उलट्या सुरू झाल्या, कारण अंडाशयाला पीळ बसला की असं होतं. उजवीकडे खाली दुखणं वाढतच चाललंय आणि ताप, मळमळ आहे, कारण गरोदर बाईलाही अपेंडिक्स असतंच आणि ते सुजायचं थांबत नाही. लघवीला जळजळ आणि थंडी-ताप. यातलं काहीही झालं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी निघायचं. खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखणं हे पोटात रक्त साठल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हाही निघायचं. रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागलं की दुखणं खांद्यात उमटतं, कारण तिथल्या नसा वर मानेतून येतात. मागच्या वेळी तुला तसं झालंही असेल आणि कोणी विचारलं नसेल. मान अवघडून खांदा धरणं वेगळं, ते दुखणं खांदा हलवला की बदलतं.

थोडंसं स्पॉटिंग झालं तर? सुरुवातीच्या महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे नीट पार पडतं. तरी फोन करायचा. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नक्कीच, कारण मग अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) द्यायचं का ते डॉक्टरांना ठरवावं लागतं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव: पूर्वी एक्टोपिक, उजवी ट्यूब काढली, रक्तगट अमुक. रात्री ड्युटीवर नवखा डॉक्टर असेल तर तो तेवढं एक पान नक्की वाचतो. दुखण्यावर मनाने गोळी घेऊ नकोस. पॅरासिटामॉल सहसा चालते, तीही विचारून. घरात पडलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या पट्ट्यांना मात्र हात लावायचा नाही.

आता त्या पंधरा-वीस फेऱ्यांचं.

आमच्या विभागात एक बाई यायची. तिचीही आधी एक्टोपिक झालेली. एकदा तिने पर्समधून टिश्यूची घडी काढली, ती प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत नीट ठेवलेली. माझ्यासमोर उलगडून म्हणाली, "सिस्टर, हे गुलाबी आहे की पिवळट?" मी तो कागद ट्यूबलाइटखाली नेला, उलटासुलटा केला. काहीच नव्हतं. कागदाचाच रंग जरा मळकट होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मलाही माहीत होतं. पण घरी कोणी बघत नाही ना." मी हसले नाही याचं मला आजही बरं वाटतं. तिला शंका रंगाची नव्हतीच मुळी, कोणीतरी तिच्याबरोबर उजेडात उभं राहून बघावं एवढंच तिला हवं होतं.

तू बघणं बंद कर असं म्हणत नाही, म्हटलं तरी जमणार नाही. बाथरूमला गेलीस की एकदा बघ, जसं कोणीही बघेल तसं. पण फक्त बघण्यासाठी जाऊ नकोस. फोनचा टॉर्च लावून तर नकोच. जावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं दुसरं काहीतरी कर. कधी ती ऊर्मी ओसरते, कधी नाही ओसरत. नाही ओसरली तर जा, स्वतःला शिव्या घालू नकोस, उद्या पुन्हा बघू. रात्री पोट दाबणं मात्र आजपासून बंद. त्याने कळत काहीच नाही आणि रोज रात्री एकच जागा दाबली तर ती दुखणारच. मग सकाळी तू म्हणणार, दुखतंय. घरी ठोके ऐकायचं यंत्र मागवायचा विचारही करू नकोस. नवख्या हाताला ठोके सापडत नाहीत तेव्हा जीव जातो आणि आईच्याच रक्ताचा आवाज बाळाचा समजून बसलो तर नको तेव्हा दिलासा मिळतो.

सासूबाईंचं म्हणणं मायेपोटी असेल, पण काळजी केल्याने गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या निम्म्याहून जास्त गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आईच्या विचारांमुळे नव्हे. तुझी मागची एक्टोपिकही तू काही केलंस, खाल्लंस, उचललंस म्हणून झाली नव्हती. हे त्यांना शांतपणे एकदा सांग. नाही पटलं तर नाही पटलं, वाद घालत बसू नकोस.

मात्र काळजी तुझ्या अंगावर यायला लागली तर तिच्यासाठी मदत घ्यायची आणि ती घेण्यात बिघडलेल्या डोक्याची वगैरे गोष्ट नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गर्भपात किंवा एक्टोपिक झालेल्या साडेसहाशेवर बायकांना विचारून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. महिन्याभराने त्यातल्या २९ टक्के बायकांमध्ये आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती, म्हणजे तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दचकणं, त्या जागा टाळणं. नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींना ती होती. त्या बाथरूमच्या फरशीवर तू मनातल्या मनात अजून पडतेस का? तिथे गेल्यावर छाती धडधडते का? झोप उडालीय, जेवण जात नाही, सोनोग्राफीच्या खोलीत पाय टाकवत नाही असं असेल तर तुझ्या डॉक्टरांना 'मला समुपदेशक हवा' असं स्पष्ट म्हण. त्या आघातावर वेगळे उपचार असतात, नुसता धीर पुरत नाही. आणि मरून जावंसं वाटलं तर तो विचार एक रात्रही एकटीने काढू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

नवऱ्याबद्दल एक सांगू? त्या रात्री तू आत होतीस, भुलीखाली. तो बाहेर होता, जागा. ट्यूब फुटलेल्या बाईला आत नेतात तेव्हा बाहेरच्या माणसाला कागदावर सही करायला लावतात आणि त्या कागदावर काय काय होऊ शकतं ते छापलेलं असतं. हात थरथरतोय म्हणून सही दोनदा करणारे नवरे मी पाहिलेत. 'नॉर्मल आहे ना, मग कशाला?' हे कदाचित तो स्वतःलाच सांगत असेल. त्याला एकदा विचार, त्या रात्री तुला काय वाटलं होतं. मग त्याला काम दे. तू 'दुखतंय' म्हणालीस की त्याने 'काही नाही होत' म्हणायचं नाही. 'कधीपासून? आडवी होतेस का?' एवढं विचारायचं आणि वहीत ती ओळ त्याने लिहायची. कामाला लागला की पुरुष माणूस बरा वागतो, हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे.

आनंद होत नाही म्हणून तू स्वतःची लायकी काढलीस, ते मला आवडलं नाही. एकदा दारातून परत पाठवलेलं माणूस दुसऱ्यांदा लगेच बेल वाजवत नाही, थोडा वेळ जिन्यातच उभं राहतं. काही जणींना बाळ हललं की सुटल्यासारखं होतं, साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान. काही जणींना हातात घेईपर्यंत खरं वाटत नाही. दोन्ही प्रकारच्या बायकांची मुलं मी पुसून, गुंडाळून त्यांच्या कुशीत दिली आहेत, त्या मुलांत मला काही फरक दिसला नाही.

तू विचारलेलं नाहीस पण विचारशील: ट्यूब काढली म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं नाही. गर्भ पिशवीच्या कोपऱ्यात रुजला होता आणि तिथे कापून टाके घालावे लागले असतील तर गोष्ट वेगळी. तुझ्या ऑपरेशनच्या कागदावर नेमकी जागा लिहिलेली असेल. तो कागद आत्ताच्या डॉक्टरांना दाखवलास ना? नसेल तर पुढच्या खेपेला घेऊन जा.

पुढची सोनोग्राफी आता एक-दोन आठवड्यांत असेल, अकरा ते चौदा आठवड्यांमधली. तिथे टेबलावर झोपलीस की बटण दाबायच्या आधी डॉक्टरांना सांग, "आधी ठोके आहेत का ते सांगा, मग काय मोजायचं ते मोजा." कारण ते मोजायला लागले की गप्प होतात. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, मानेमागचं पाणी मोजतात, बाळ नीट वळेपर्यंत थांबतात. ती शांतता आकडेमोडीची असते, पण तुझ्यासारखीला ती वाईट बातमीची वाटते. मी कितीतरी बायकांना त्या चार मिनिटांत टेबलाची कड घट्ट धरलेली पाहिलंय. कुठलाही बरा डॉक्टर ही विनंती मान्य करतो. नवऱ्याला आत यायची परवानगी असेल तर त्यालाही घेऊन जा.

जाऊन आलीस की दोन ओळी टाक. सही हीच केलीस तरी चालेल.

— सिस्टर